शकुनबाईंची तबकडी

अमरावती
१४ जानेवारी २०२५

जानराव,

दोन दिवस फोन करतो आहे. नुसती रिंग जाते. काल शेवटी मैनावहिनींनी उचलला आणि म्हणाल्या, "भाऊजी, ते म्हनतात का घरी नाही म्हून सांग. आता मी काय सांगू?" वहिनींना खोटं बोलता येत नाही, हे चाळीस वर्षांच्या संसारात तुला कळायला हवं होतं. म्हणून पत्र.

म्हणजे रविवारची पुरवणी बाळापूरला पोचली.

अर्धं पान दिलंय. मथळा पाहिलास ना? 'मेलेल्यांना बोलतं करणारा वकील'. आणि तो फोटो! फोटोग्राफर म्हणाला, "सर, तबकडी अशी धरा, चमक चांगली येते," आणि मी मूर्खासारखी धरली. सकाळी सात वाजता शैलाताईंचा फोन. नमस्कार नाही, काही नाही. "वसंतराव, अंगठा! रेघांवर अंगठा!" मुलींना तीस वर्षं गाणं शिकवलेली बाई, आवाज अजून तसाच खणखणीत.

संध्याकाळी मंडळ माझ्याकडे जमलं. मंडळ म्हणजे ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्यांच्या नादातले आम्ही चौघंच. शैलाताई, बँकेतला विपुल, मिक्सर दुरुस्त करणारा नितेश आणि मी. एकेका ओळीवर पंचनामा झाला. लाखेच्या तबकड्यांना बातमीत प्लास्टिकच्या म्हटलंय. विजेच्या यंत्राला चावी द्यायला लावलीय. वर हा म्हणे श्रीमंतांचा शौक. नितेश म्हणाला, "मी श्रीमंत आहो हे माह्या बायकोले वाचून दाखवतो." विपुल तर चिडलाच. "पंचवीस वर्षं कोणी फिरकलं नाही, अन् आले तं असे." सर्व चुका लिहून संपादकांकडे जायचं ठरलं.

आता तुझं. 'बाळापूरकडचा एक शेतकरी त्यांना जुन्या तबकड्या आणून देत असे.' ते वाक्य मीही वाचलं. त्या मुलीला, चारुता तिचं नाव, मी तुझं पूर्ण नाव सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं. पेपरवाल्यांचं तुला माहीत आहे, जागा कमी पडली की कात्री लावतात. यात माझा दोष काय? राग धरायचा तर त्यांच्यावर धर.

फोन उचल.

वसंत

(अंक घ्यायला गेलो तेव्हा पाच घेतले. मंडळासाठी.)


अमरावती
२० जानेवारी २०२५

जानराव,

उत्तर नाही. ठीक. पण हे पत्र फाडू नकोस, यात माझं काही नाही.

काल दुपारी मी जेवून उठलो तोच बेल वाजली. दारात नऊवारीतली एक म्हातारी आणि तिची नात. नातीचं नाव प्रणाली, धामणगाव रेल्वेच्या शाळेत शिकवते. म्हातारी गोदाबाई, ऐंशीच्या पुढची. खुर्ची दिली तर खाली सतरंजीवर बसली. मांडीवर उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं, त्यावरचा हात काढायला तयार नव्हती.

"तुमीच का ते मेलेल्याले बोलतं करनारे?"

ज्या मथळ्यावरून मंडळाने मला संध्याकाळभर छळलं, तो मथळा ती अक्षरशः खरा मानून आली होती. मी म्हणालो, "आजी, ते पेपरवाल्यांनी वाढवून लिहिलंय. मी जुनी गाणी ऐकतो, इतकंच."

ती म्हणाली, "मंग तेच तं. माही माय मेली हाये. अन् ती याच्यात हाये."

तिने अभ्रा सोडला. जानराव, आत अठ्ठ्याहत्तरच्या वेगाची लाखेची तबकडी. मधला कागद कसरीने अर्धा खाल्लेला, पण उरलेल्यावर स्पष्ट छापलंय, 'शकुनबाई धामणगावकर. ओव्या.' तू आणि मी वऱ्हाड पालथा घातला. हे नाव कधी ऐकलंस? कोणत्याही यादीत नाही. मी तबकडी हातात घेतली. काठानेच धरली होती, शैलाताईंना सांग.

हकिकत अशी. शकुनबाई शेतमजूर. कापूस वेचताना गायची. धामणगावच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याने ऐकलं आणि तिला, नवऱ्याला, पाळण्यातल्या मुलीला रेल्वेने मुंबईला नेलं. तिथे एका कंपनीने दोन्ही बाजूंना ओव्या भरून घेतल्या. व्यापाऱ्याकडे यंत्र होतं, या घरात कुठलं? एक तबकडी यांना मिळाली. गोदाबाई दोन वर्षांची असताना आई तापाने गेली. बापाने तबकडी धान्याच्या कोठीत ठेवली आणि तिचं नाव काढलं नाही. लग्न झाल्यावर गोदाबाई ती ट्रंकेत घालून सासरी आली. एकदा नवऱ्याने लग्नातल्या लाऊडस्पीकरवाल्याकडे नेली, तो म्हणाला, तडकलेली आहे, माझी सुई मोडेल.

म्हणजे ऐंशी वर्षं ती आईचा आवाज जवळ बाळगून आहे आणि तो तिने एकदाही ऐकलेला नाही.

"फोटो नाही का आईचा?" मी विचारलं.

"फोटो कुठला बाप्पा. हेच हाये."

तबकडीवरची तडक काठापासून आत करंगळीभर गेलीय. माझ्या यंत्राची सुई बारीक, ती धरणारा दांडा जड. लावली आणि तडक पुढे सरकली तर दोन तुकडे. नितेशने पाहिलं आणि हात जोडले. अशी तबकडी वाजवू शकेल असा एकच हात मला माहीत आहे. तुझं ते तीनदा उघडून जोडलेलं यंत्र, जाड सुई, आणि तू.

मी तिला सांगितलं, बाळापूरला माझा एक मित्र आहे. ती लगेच उठायला लागली.

वसंत


अमरावती
२४ जानेवारी २०२५

जानराव,

हे पत्र लिहायला तीन दिवस लागले.

मंगळवारी आम्ही चौघं पेपरच्या कचेरीत गेलो. शैलाताई पुढे, हातात चुकांची यादी. चारुता बाहेर आली. पंचविशीची मुलगी. तिने यादी शांतपणे वाचली. प्लास्टिकबद्दल माफी मागितली, चावीबद्दलही मागितली. मग शैलाताई म्हणाल्या, "आणि जानरावांचं नाव का कापलं? वसंतरावांनी दोनदा सांगितलं होतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "सर, मी मुलाखत मोबाईलवर रेकॉर्ड केली होती."

मी म्हणू शकलो असतो, राहू द्या. म्हणालो नाही. तिने लावलं. खोलीत सगळे काम करत होते, तेही थांबले. ती विचारते, "सर, हे सगळं सुरू कसं झालं?" आणि मग माझा आवाज. मला वाटलं होतं त्याहून पातळ आहे माझा आवाज. त्यात एक घसरडेपणा आहे. चाळीस वर्षं कोर्टात बोललो, कोणी सांगितलं नाही.

मी म्हणतो, "कॉलेजपासून नाद." ती विचारते, "एवढ्या तबकड्या मिळाल्या कुठून?" मी म्हणतो, "तो एक शेतकरी आहे, तिकडे बाळापूरकडे. आणून द्यायचा. निवड माझी."

दोनदा काय, एकदाही तुझं नाव नाही. मित्र हा शब्दसुद्धा नाही. मनातल्या मनात मी तुला असं सांगायचं ठरवलं होतं की मी 'शेतकरी मित्र' म्हणालो आणि मित्र तेवढं त्यांनी खोडलं. पण तेही नाही. पोरीने एक अक्षर इकडचं तिकडे केलं नव्हतं.

शैलाताईंनी यादीची घडी घालून पर्समध्ये ठेवली. आम्ही जिना उतरलो. खाली नितेश एवढंच म्हणाला, "वकीलसाहेब, मले तं वाटे का जानरावभौ तुमचे गुरू आहेत." तो मला दुखवायला म्हणाला नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं.

आणि खरं आहे ते. अकोल्याच्या जुन्या बाजारातून पोतंभर तबकड्या उचलून तू होस्टेलवर आणल्या होत्यास. मी त्यांतली एक ताटासारखी धरली आणि तू ओरडलास, "काठानं धर बे, रेघ म्हंजे घाव हाये, त्याले हात नाही लावत." वडील गेले, तू कॉलेज सोडून शेतीला लागलास, मी वकील झालो. तरी दर्यापूरच्या एसटीत मांडीवर तबकड्या घेऊन बसायचास ते तूच. कोणत्या घरात, कोणत्या माळ्यावर काय आहे ते तुला कळायचं. निवड माझी कधी होती? मी फक्त कपाट घेतलं.

का बोललो तसं? खोटं नको, म्हणून लिहितो. समोर रेकॉर्डिंग चालू होतं, फोटोग्राफर दिवा लावत होता, आणि मला वाटलं, या वयात एकदा तरी गोष्ट माझी एकट्याची असावी. बस्स. एवढंच कारण आहे.

हे वाचून तू गोदाबाईंना नाही म्हणालास तरी मी बोलणार नाही. पण त्यांचा यात काही संबंध नाही.

वसंत


बाळापूर
२९/१/२५

वसंत,

पत्र भेटले. तिन्ही.

शेतकरी म्हनलं त्याचा मले राग नाही. शेतकरी तं मी आहोच. 'एक' म्हनलं त्याचा आहे.

बाईले रविवारी पाठव. विपुल गाडी घेऊन येईन, त्याले रस्ता माहीत आहे. तबकडी उभी धराले सांग, आडवी नाही.

तू येऊ नको.

जानराव


बाळापूर
५/२/२५

वसंत,

मले तुह्यावानी लिहिता येत नाही. पन नितेश फोनवर सांगे का तू रविवारभर अंगनात येरझारा घालत होता, म्हून लिहितो.

ते आले दहाच्या सुमाराले. मैनीनं बाईले चहा देला, तं बाईनं बशी तशीच ठेवली. म्हने, आधी माय. मंग काय करता.

मी तबकडी दोन दिस आधी पायली असती तं बरं झालं असतं. तडक तू लिहिली त्याच्याहून जास्त आहे, आतून केसावानी पुढं गेली. काठावर मेन लावलं. खाली जाड नमदा टाकला, लोकरीचा. सुई जाडी, वजन एकदम कमी. बाईले म्हनलं, माय, एक गोष्ट सांगून ठेवतो. वाजन तं वाजन, नाही तं तुटन. तुटली तं माह्या जिवाले आयुष्यभर घोर. लावू का?

बाई म्हने, "कोठीत राहून तं ती मेलेलीच हाये ना."

लावली.

पयले नुसती खरखर. फेऱ्याफेऱ्याले तडक टक् करे. माहा हात दांड्याखाली होता, का उसळली तं झेलून घेईन. अन् मंग वसंत, तिनं श्वास घेतला. गाण्याच्या आधी मानूस घेते तसा. इतक्या जवळ का मी मागं वळून पायलं का खोलीत कोन आलं. पन्नास वर्षं मी तबकड्या आयकून राहिलो. मोठेमोठे गवई आयकले. असं मले कधी झालं नाही. अंगावर काटा आला तो दुपारपर्यंत गेला नाही.

पेटी नाही, तबला नाही, काही नाही. नुसता गळा.

काळ्या वावरामंदी तूर आली फुलावर
माह्या माहेराची वाट गेली नदीच्या पुलावर

असं एकेक. शिकलेला गळा नाही. पन सरळ, जसा तास जाते नांगराचा. मैनी सयपाकघरातून पिठाचे हात घेऊन आली अन् दारातच बसली. विपुल लॅपटॉपवर भरून घेत होता, त्याचा चष्मा भिजला.

तीन मिनिटं. सुई उचलली. तबकडी शाबूत.

बाई रडली नाही. मले म्हने, "किती वर्षाची असन हो ही?" मी म्हनलं, आवाजावरून वीस-बावीस. बाई आपल्या नातीकडं पायत राहिली. नात अठ्ठावीसची आहे. मंग म्हने, "हे तं पोरगी हाये. मी जलमभर हिले मोठी समजून रायली. हिच्यासंग भांडली, मले टाकून गेली म्हून. एवढीशी पोरगी माही माय."

मी तबकडी हळूच उलटी केली.

मी म्हनलं, दुसरी बाजू लावू का? ती जास्त घासली आहे, तिकडून तडक खोल दिसते. तं बाईनं इकडंतिकडं पायलं. म्हने, "वकीलसाहेब कुठं हायेत?"

मी म्हनलं, ते नाही आले.

"काऊन नाही आले? पेपरात त्याइनं सांगतलं म्हून मी इथपर्यंत आली. त्याइले नाही आयकू देत का तुमी?"

आता काय सांगू तिले? म्हनलं, आमचं जरा बोलनं बंद आहे. बाई अशी पायत राहिली माह्याकडं, जसं मी लहान लेकरू आहो. म्हने, "मंग बोलनं सुरू होईन तवा लावू."

नात म्हने, आजी, शाळा आहे उद्या. बाई म्हने, तुले शाळा आहे, मले नाही. विपुल अन् नात गेले. बाई इथंच आहे. आज चौथा दिस. मैनीसंग तुरीच्या शेंगा सोलते. बरं, दोघीचं लय जमलं, अन् दोघी मिळून मले बोलतात.

विपुलले मी ताकीद देली होती का वकिलाले ते रेकॉर्डिंग पाठवू नको. त्यानं पाठवलं नाही, हे मले माहीत आहे, नाही तं तुहा फोन आला असता.

रविवारी ये. सकाळच्या गाडीनं ये, मैनी भाकर टाकते.

जानराव


अमरावती
१० फेब्रुवारी २०२५

प्रिय जानराव,

काल तुझ्याकडे मी काहीच बोललो नाही. तू फाटकात उभा राहून "आला का" म्हणालास, आणि माझ्या हातातली पिशवी घेतलीस. ठेचा तिखट होता म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी आलं असं वहिनींना वाटलं, ते तसंच राहू दे. माफी मी पत्रात मागू शकतो, तोंडावर नाही. वकील असून. तर ती इथे मागतो.

पण हे पत्र त्यासाठी नाही. काल तू दुसरी बाजू लावलीस तेव्हा गोदाबाईंकडे तुझी पाठ होती. तुझे डोळे सुईवर, हात दांड्याखाली. तडक आत सरकत होती, टक् टक् मोठं होत चाललं होतं, आणि तू श्वास रोखून बसला होतास. त्यामुळे तू त्यांचा चेहरा पाहिला नाहीस. मी समोर बसलो होतो. मी पाहिला. तुझं तू मला दिलंस, आता हे माझ्याकडून घे.

पहिल्या दोन ओव्या झाल्या तोवर त्या डोळे मिटून होत्या. हात गुडघ्यांवर. ओठ हलत होते, पण गाण्याबरोबर नाही, आपल्याच लयीत, जशी म्हातारी माणसं जप करताना हलवतात. मला वाटलं, थकल्या असतील. वहिनींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला होता.

मग ती तिसरी ओवी. तुला शब्द कळले की नाही, मला माहीत नाही. तू पूर्ण सुईत होतास. मी लिहून ठेवलेत.

सरलं दळन, पीठ भरलं डाल्यात
ऊठ वो गोदे माये, काय निजली पाळन्यात

मला आधी कळलंच नाही. ओव्यांत नावं येतातच, कोणाची तरी गोदा असेल, असं वाटलं. मग ध्यानात आलं, मुंबईच्या त्या खोलीत पाळण्यातली मुलगीही आणलेली होती. कोण जाणे, टोपलीत झोपलेली असेल. समोर यंत्र, भोवती अनोळखी शहरी माणसं, आणि बावीस वर्षांची ती बाई घाबरली असेल, तेव्हा तिने ओळखीचं म्हणून आपल्या मुलीकडे पाहिलं असेल. तिथेच जुळवून तिचं नाव घातलं असेल. हे सगळं मी आत्ता रचतो आहे, मला माहीत आहे. पण नाव मी रचलेलं नाही. ते तबकडीवर आहे. ऐंशी वर्षं कोठीत आणि ट्रंकेत ते नाव तसंच होतं, आणि जिचं होतं ती रोज त्या ट्रंकेवर पांघरुणांची घडी ठेवत होती.

तिने ते नाव दोनदा घेतलं. ओवीतली दुसरी ओळ फिरून म्हणतात, तशी. पहिल्यांदा गोदाबाईंचे ओठ थांबले. डोळे उघडले. त्या यंत्राकडे बघत नव्हत्या, तुझ्याकडे नाही, माझ्याकडेही नाही. दाराकडे बघत होत्या. चेहऱ्यावर रडणं नव्हतं, हसू नव्हतं. अंगणात खेळणाऱ्या पोरीला घरातून हाक येते, आणि ती अर्धवट खेळातून मान वर करते, तसा तो चेहरा होता. ऐंशी वर्षांच्या सुरकुत्यांत मी तो पाहिला, जानराव, आणि मला सतरंजीवर बसल्या जागी हात जोडावेसे वाटले.

दुसऱ्यांदा नाव आलं तेव्हा त्या बोलल्या. तुला ऐकू गेलं नाही इतक्या हळू.

म्हणाल्या, "ओ."

तुझा
वसंत